खवल्यांचा मासा आणि नकलेचा आरोप

(बी. ए. तृतीय वर्ष)

'कलाकृती स्पर्धकाची स्वतःची असावी' ही अट प्रत्येक हस्तकला प्रदर्शनाच्या नियमपत्रकात असते आणि ती असायलाच हवी. बाजारातून आणलेली बाहुली स्वतः केली म्हणून मांडणारे महाभाग आपल्यात थोडेथोडके नाहीत. परंतु एखादी वस्तू अशी समोर येते की तिच्यापाशी नियमच अडखळतो आणि मग त्या 'स्वतःची' या शब्दाचा अर्थ तपासून पाहावा लागतो. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात (गावाचे व संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही) आमच्या एका मित्राने कागदाचा मासा ठेवला होता. एकाच चौकोनी कागदाचा मासा. कुठे कात्री लावलेली नाही, कुठे डिंकाचा थेंब नाही. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगभर खवले. परीक्षकांनी तो हातात घेतला, उलटून पाहिला, मनापासून वाखाणला आणि विचारले, "याची रचना तुमची का?" मित्र खरे बोलणारा. तो म्हणाला, "नाही सर, रचना रॉबर्ट लँग यांची. घड्या माझ्या." झाले! "मग ही नक्कल झाली," असे म्हणून मासा स्पर्धेतून बाजूला काढण्यात आला. शेजारच्या टेबलावर थर्माकोलचा ताजमहाल होता, त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ताजमहालाची रचना कोणाची, हे मात्र कोणी विचारले नाही.

बक्षीस हुकल्याचे मित्राला फारसे वाईट वाटले नाही. मासा घरी परत आला याचाच त्याला आनंद. मला मात्र तो 'नक्कल' शब्द टोचत राहिला. नक्कल म्हणजे काय? दुसऱ्याने योजलेली गोष्ट आपल्या हातांनी पुन्हा उभी करणे ही नक्कल असेल, तर स्नेहसंमेलनात आपण बसवतो ते नाटक, गॅदरिंगला गायली जाणारी भावगीते, हे सारेच नकलेच्या सदरात जमा करावे लागेल. तसे आपण करीत नाही. मग कागदाच्याच वाट्याला हा न्याय का? मला वाटते, याचे कारण एकच: हे काम होते कसे, हे बहुतेकांना ठाऊक नाही. ज्याला तानपुऱ्याची जुळवाजुळव ठाऊक नाही त्याला गाणे म्हणजे नुसते तोंड उघडणे वाटते, तसेच हे आहे. तेव्हा वादात शिरण्यापूर्वी हा मासा होतो कसा ते सांगणे भाग आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

ओरिगामी हा शब्द जपानी. 'ओरी' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. शब्द परका असला तरी क्रिया आपल्या अगदी ओळखीची आहे. लहानपणी आपण सर्वांनीच होडी केली, नांगरहोडी केली, दौत केली, वर्गात बाण उडवून छड्याही खाल्ल्या. किराणा दुकानदार डिंकाशिवाय पुडी बांधतो. आजी पळसाच्या पानाचा द्रोण लावते. लुगड्याच्या निऱ्या तर घरोघरी रोज घातल्या जातात. माझ्या माशाला या शेवटच्या उदाहरणाचे फार अगत्य आहे, कारण खवल्यांचे सारे मर्म निऱ्यांमध्ये आहे.

साधा मासा आठदहा घड्यांत होतो. खवल्यांचा मासा करायचा तर आधी कागदावर जाळे पाडावे लागते. समजा, ६४ सेंटिमीटर बाजूचा चौकोन घेतला आणि त्याचे प्रत्येक बाजूने ६४ भाग करायचे ठरवले. उभ्या ६३ आणि आडव्या ६३, म्हणजे १२६ घड्या झाल्या, तिरप्या वेगळ्याच. आणि एवढे होऊनही मासा अजून सुरूच झालेला नसतो! ही तर केवळ पाटी पुसून ठेवणे झाले. त्यातही एक मेख आहे. एका टोकापासून सुरुवात करून एकेक सेंटिमीटर मोजत घड्या घालत गेलात आणि प्रत्येक घडीला अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर ३२ घड्यांनंतर तुम्ही १६ मिलिमीटर भरकटलेले असता. म्हणजे दीड घर इकडचे तिकडे. म्हणून जाणकार मोजत नाहीत, निम्म्याचे निम्मे करतात. आधी दोन, मग चार, मग आठ, असे सहा वेळा निम्मे केले की ६४. प्रत्येक वेळी कड आधीच्या घडीवर टेकवायची, त्यामुळे चूक झालीच तर तिथल्या तिथे राहते, पुढे पाझरत नाही. मित्राचे हे जाळेच मुळी चार संध्याकाळी चालले होते.

जाळे झाले की निऱ्या. तिरप्या निऱ्यांची एक रांग घालायची, मग तिला छेदणारी दुसरी. दोन्ही रांगा जिथे एकमेकींवरून जातात तिथे शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी तयार होतात. त्या चौकटींचे मोकळे कोपरे नखाने वा कोरणीने किंचित मागे मुडपले की त्यांना गोलाई येते, आणि एकाएकी कागदावर खवले दिसू लागतात. लिहायला चार ओळी लागल्या. हाताला मात्र ते इतके सहज वश होत नाही. एक खवला बसवावा तर शेजारचा उठतो. त्याला दाबावे तर पहिला तोंड उघडतो. शिवाय एकच घडी इथे डोंगरासारखी वर यावी लागते आणि पुढे दोन घरांवर दरीसारखी आत जावी लागते. कपड्यांच्या चिमट्यांनी कागद जागोजाग धरून ठेवलेला, विजेचा पंखा बंद, आणि घरातल्या लहान भावंडांना त्या खोलीत मज्जाव, अशा थाटात हे काम चालते.

आता कागद जातो कुठे, हेही पाहावे. निरी घातली की तीन पदर एकावर एक येतात आणि दिसतो एकच. म्हणजे निऱ्या गच्च असतील तर तीन हिश्श्यांतले दोन हिस्से पोटात गेले. दोन्ही दिशांनी गच्च निऱ्या घातल्या तर दिसणारा भाग नववा हिस्सा उरतो. एवढा मोठा ताव घेऊन मासा मात्र वीतभर का होतो, याचे उत्तर इथे आहे. पाहणाऱ्याला वरचा खवला दिसतो. त्याच्याखाली दडलेले पदर केवळ घडी घालणाऱ्यालाच माहीत असतात.

खऱ्या माशाचेही असेच असते, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. खवल्याचे एक टोक कातडीत रुतलेले असते आणि शेपटीकडचे टोक मोकळे. पुढच्याने मागच्याची मुळे झाकायची, कौलांनी छप्पर शाकारावे तसे. म्हणजे तिथेही दिसतो तो अर्धामुर्धाच भाग. कागदाचा खवला हा असा मुळाशी जोडलेला असतो. तो टिकलीसारखा वरून चिकटवलेला नसतो. तो त्याच चौकोनाचा एक तुकडा असतो आणि त्याला ओढले तर सारा मासा उलगडून पुन्हा सपाट कागद होऊ शकतो. थर्माकोलच्या ताजमहालाबद्दल माझ्या मनात आकस नाही, पण हे त्याला जमणार नाही.

आपल्या गावी कागदाची पंचाईत असते, तेव्हा त्याविषयीही थोडे सांगतो. जपानहून पातळ आणि चिवट कागद मागवण्याची आपली ऐपत नाही. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद मात्र हिंगोलीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि सरावाला तो उत्तम असतो; घडी धरतो, दहा वेळा उलटसुलट केली तरी फाटत नाही. पतंगी कागद पातळ, पण एकटा टिकत नाही. दोन पतंगी कागद पातळ खळीने एकावर एक चिकटवून, काचेवर वाळवून मित्राने स्वतःच कागद तयार केला. एका बाजूस केशरी, दुसऱ्या बाजूस पांढरा. कधी वाटते, आपल्या मराठवाड्याला कागदाचा वारसा नाही असे थोडेच आहे? दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतके चालत आला. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलवली, तिच्या मागोमाग हे कारागीर आले असे परंपरा सांगते. त्या कागदावर दप्तरे लिहिली गेली, पोथ्या लिहिल्या गेल्या. त्याच कागदाचा एखादा मासा व्हावा, ही आपली माझी एक हौस.

आता मूळ वादाकडे वळतो. रॉबर्ट लँग हे अमेरिकन गृहस्थ मुळात भौतिकशास्त्रज्ञ. लेझरवर संशोधन करीत होते. २००१ साली नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ घड्या घालायला घेतल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ओरिगामी डिझाइन सीक्रेट्स' या जाडजूड ग्रंथात रचना कशी सुचते, याचे शास्त्र मांडलेले आहे आणि त्यात हा 'कोई' मासाही आहे. खवल्यांसाठी ते जी युक्ती सांगतात तिला त्यांनी बागकामातला शब्द दिला आहे: कलम. आधी साध्या अंगाच्या माशाचा आराखडा घ्यायचा. मग जिथे खवले हवेत तिथे तो आराखडा (कागद नव्हे, केवळ आराखडा) कापल्याची कल्पना करून मध्ये निऱ्यांपुरती जादा पट्टी बसवायची, आणि अखेर हे सारे पुन्हा एका मोठ्या, अखंड चौकोनात मांडायचे. गावरान आंब्यावर हापूसचे कलम बांधावे तसे. ही कल्पना लँग यांची. तिचे श्रेय त्यांचेच, आणि आमच्या मित्राने ते एका शब्दानेही नाकारले नाही.

परंतु आराखडा म्हणजे मासा नव्हे. आराखडा म्हणजे कागदावर छापलेल्या रेघा. अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने (१९११–२००५) १९५४ सालच्या आपल्या पुस्तकात घड्या लिहून दाखवण्याची एक लिपी रूढ केली: दरीघडीला तुटक रेघा, डोंगरघडीला रेघ आणि टिंबे, दिशा दाखवायला बाण. पुढे थोडाफार फरक होऊन तीच जगभर चालू झाली. मला ही लिपी पाहिली की पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. घराण्याघराण्यांत कुलुपबंद असलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापून सर्वांपुढे ठेवल्या. त्या पुस्तकातली बंदिश उघडून कोणीही पेटीवर वाजवून पाहावी. स्वर बरोबर येतील, गाणे येईलच असे नाही. गायक ते गाणे उभे करतो. सदारंगाची बंदिश गाणाऱ्याला आजवर कोणी 'ही नक्कल' म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग ज्याने रेघांमधून मासा उभा केला त्याला तसे का म्हणावे?

याहून जवळचा दाखला द्यायचा तर नरसीचा देता येईल. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून आपण ज्या नरसीचा अभिमान बाळगतो, तिथे वारीच्या दिवसांत कितीतरी कीर्तनकार नामदेवांचे अभंग गातात. अभंगाच्या शेवटच्या चरणात नामदेवांची नाममुद्रा येते. म्हणजे गाणाऱ्याने गायचे आणि गाता गाताच सांगायचे, की शब्द नामयाचे आहेत. इतकी साधी, इतकी प्रामाणिक व्यवस्था आपल्याकडे सातशे वर्षे चालू आहे! बंदिशींतही रचनाकाराचे नाव असेच गुंफलेले असते. नक्कल आणि सादरीकरण यांतील फरक मला तरी इथेच दिसतो: नक्कल करणारा नाममुद्रा पुसतो, आणि सादर करणारा ती मोठ्याने म्हणतो. आमच्या मित्राने परीक्षकांसमोर नेमके हेच केले, आणि नेमके त्याबद्दलच तो बाद झाला. त्याने 'रचना माझी' असे दडपून सांगितले असते तर? हिंगोलीच्या आसपास कोई मासा ओळखणारा कोण बसला आहे! म्हणजे नियमाने खोट्याला वाट दिली आणि खऱ्याला अडवले. नियमपत्रक करणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा, एवढीच नम्र सूचना आहे.

नाव न देण्यावरून बाहेरच्या जगात कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. सारा मॉरिस या चित्रकर्तीने काही ओरिगामी रचनांच्या घड्यांचे आराखडे घेऊन, त्यांत रंग भरून मोठमोठी चित्रे केली. रचनाकारांना विचारले नाही, त्यांचे नावही दिले नाही. २०११ साली लँग आणि इतर काही रचनाकार अमेरिकेत न्यायालयात गेले. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि मूळ रचनाकारांची नावे देण्याचे ठरले. या भांडणात कोण किती बरोबर होते याविषयी तज्ज्ञांत दुमत असेल. पण रचनाकारांचे म्हणणे 'आमचे मासे कोणी घडवू नयेत' असे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. घडवा, पण नाव सांगा, ही या क्षेत्रातली सर्वमान्य रीत आहे.

दुसरा एक आक्षेप प्राध्यापकांच्या खोलीतून ऐकू येतो. तो असा की हा पोरखेळ आहे; पदवीच्या विद्यार्थ्याने यात आठवडे घालवावेत का? या आक्षेपाला हल्ली एक ठरीव उत्तर दिले जाते. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मियुरा यांची घडी वापरून १९९५ मध्ये अवकाशात सौरपटल उलगडले गेले, वगैरे वगैरे. ती गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. परंतु माझ्या माशाची बाजू मांडायला मला उपग्रह उसना आणायचा नाही. कविता वाचल्याने शब्दसंग्रह वाढतो म्हणून ती वाचावी, असे सांगणाऱ्यासारखे ते होईल.

त्यापेक्षा दोन माणसांची आठवण देतो. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. बालवाडीच्या मुलांना देतात त्या घड्यांच्या कागदांवरून त्यांना ते सुचले होते. जर्मनीतील थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेतही निघाले. पोरखेळातून निघालेल्या पुस्तकाला जर्मन पंडित नाक मुरडत नाही, आणि आपण मुरडतो! दुसरे आपले अनिल अवचट (१९४४–२०२२). 'माणसं' लिहिणारा, हमालांच्या, तंबाखू कामगारांच्या दुःखामागे हिंडणारा, पत्नी सुनंदा यांच्यासह १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारा हा लेखक-डॉक्टर कागदाच्या घड्यांत रमत असे. 'मजेदार ओरिगामी' असे पुस्तकही त्यांनी मुलांसाठी केले. एवढ्या कामाच्या माणसाला त्यासाठी वेळ कसा सापडे, असे आपण विचारतो. मला वाटते प्रश्न उलटा करायला हवा. पुण्या-मुंबईकडे 'ओरिगामी मित्र' मंडळी प्रदर्शने भरवीत आली आहेत. तिथे आजोबा आणि नातू एकाच टेबलाशी बसतात असे ऐकतो. आपल्याकडे दसऱ्याला एवढे मोठे प्रदर्शन भरते, आकाशपाळणे येतात, मौत का कुवा येतो. एक टेबल कागदासाठी मिळाले तर काय बिघडेल?

इतके लिहून झाल्यावर मी एका गोष्टीत परीक्षकांच्या बाजूला जाणार आहे. खवले घातले म्हणून मासा चांगला होतोच असे नाही. योशिझावा यांचीच गोष्ट घ्या. कारखान्यातली नोकरी सोडून, दारोदार तयार खाद्यपदार्थ विकून त्यांनी दिवस काढले, पण घड्यांच्या बाबतीत ते उधळे नव्हते. जाड कागद किंचित ओलसर करून घडवायची रीत त्यांनी काढली. कागद वाळला की वळण तसेच राहते. त्यामुळे चार वळणांत प्राण्याची पाठ जिवंत दिसते. अशा कामापुढे नुसते खवले मोजून दाखवणारा मासा म्हणजे तानांची फैर झाडणारा गवई. सातोशी कामिया यांचा अंगभर खवल्यांचा ड्रॅगन मी छायाचित्रांत पाहिला आहे. एका चौकोनातून तो निघतो यावर विश्वास बसत नाही. मी थक्क झालो. पण दुसऱ्यांदा पाहावासा वाटला तो मात्र लँग यांचा मासाच. त्याच्या खवल्यांकडे पाहताना तो पाण्यात वळतो आहे असे वाटते. याला आवडनिवड म्हणा. पण परीक्षकांनी असे काही म्हणून मित्राचा मासा नापसंत केला असता तर मी हा लेख लिहिला नसता. "शेपटीकडे खवले चपटे झाले आहेत, पोटाचा बाक कमी पडला आहे" असे म्हणायला हवे होते. तसे झालेही होते! शेपटीजवळ त्याच्या कागदाचे पदर इतके दाटले होते की शेवटच्या दोन ओळी नीट उठल्याच नाहीत. हा खरा दोष. तो दाखवायला मासा निरखून पाहावा लागतो. 'नक्कल' म्हणायला पाहावे लागत नाही.

तेव्हा प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझे मागणे फार मोठे नाही. कागदाच्या वस्तूखालच्या चिठ्ठीवर दोन नावे लिहू द्यावीत: रचना अमक्याची, घड्या तमक्याच्या. शेजारी तेवढ्याच मापाचा एक सपाट कागद ठेवू द्यावा, म्हणजे पाहणाऱ्याला अंतर कळेल. आणि ज्याची रचनाही स्वतःची असेल त्याच्यासाठी वेगळे बक्षीस ठेवावे. तो मान निराळाच आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

त्या मानाकडे जाण्याची वाटही दुसऱ्याच्या रचनेवरूनच जाते, असे मला दिसते. कोई म्हणजे तरी काय? आपल्या तळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर सायप्रिनस सोडतात, त्याच कुळातला रंगीत शोभेचा भाऊबंद. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. पण सिद्धेश्वर आहे, येलदरी आहे, ईसापूर आहे, आणि भोई समाजाच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या आहेत. बाजारात रोहूचे खवले काढताना ते नाण्यांसारखे चौफेर उडतात, हे आपण रोज पाहतो. रोहूच्या अंगावरून जी मधली रेघ जाते तिच्यावर साधारण ४० ते ४४ खवले असतात. हे मित्राला कोणा पुस्तकाने सांगितले, तरी त्याने ते बाजारात बसून मोजून घेतले. जपानी तळ्यातला मासा घडवता घडवता त्याला आपला मासा दिसू लागला आहे.

सध्या तो स्वतःच्या रचनेच्या मागे आहे. पहिला बेत कटल्याचा होता: भलेमोठे डोके, वर वळलेले तोंड, पुढे आलेला खालचा जबडा. परंतु तिथे गाडी अडली. कटल्याच्या डोक्यावर खवले नसतात; ते गुळगुळीत हवे. आणि निरी तर एकदा निघाली की कागदाच्या कडेपर्यंत धावते, मध्येच कल्ल्यापाशी थांब म्हटले तर थांबत नाही. खवल्यांसाठी घातलेल्या चाळीस-पन्नास निऱ्या डोक्याच्या आत नेऊन लपवायच्या कुठे? लपवल्या तर डोके दगडासारखे जाड होते, आणि न लपवाव्या तर त्याला सुरकुत्या पडतात. दोन महिने यात गेल्यावर त्याने आता मरळ धरली आहे. तिचे अंग लांबट, गोल. आणि मुख्य म्हणजे तिच्या डोक्यावरही मोठाले खवले असतात, त्यामुळे निऱ्यांना वाटेत थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. पण ते खवले अंगावरच्यासारखे एकसारखे नाहीत, पाट्यांसारखे आहेत, लहानमोठे आहेत, आणि त्यांची मांडणी नीट पाहिल्याखेरीज जाळे आखता येत नाही. मरळ बाजारात पाण्याच्या टोपात जिवंत मिळते. तिथे तो वही घेऊन उकिडवा बसलेला असतो. विकणाऱ्या मावशींनी त्याला आतापर्यंत दोनदा विचारले आहे, "घ्यायलास का नुसतंच बघायलास, बाबा?"